वाणात आलेली स्कीम

ज्या स्कीमने आमचं डिपॉझिट गिळलं तिचं नाव इथे छापणार नाही. केस चालू आहे, आणि आमच्या वकीलबाईंनी अक्षरशः हात जोडून सांगितलंय, "पत्रकं काढ, मोर्चे काढ, पण नाव छापून मला नवीन कामाला लावू नकोस." तर नाव नाही. बाकी सगळं लिहिते.

आधी डिपॉझिटचं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आमच्या पट्ट्यात ज्याला दर महिन्याला भाडं भरता येईल याची खात्री नसते, तो हेवी डिपॉझिटवर खोली घेतो. म्हणजे बायकोचे दागिने मोडून, गावाकडची म्हैस विकून, पतपेढीचं कर्ज काढून एकदाच मोठी रक्कम मालकाच्या हातात ठेवायची. मग भाडं नाही. मालक आपला पैसा वापरतो, आपण त्याची खोली. खोली सोडली की रक्कम परत, दिली तेवढीच. शिकलेले लोक याला हसतात. पैसा इतकी वर्षं बिनव्याजी पडून राहिला तर किती नुकसान होतं, हे गुंतवणुकीच्या एका मार्गदर्शन शिबिरात एका साहेबांनी मला फळ्यावर मांडून दाखवलं होतं. मी विचारलं, "साहेब, कॉन्ट्रॅक्टरने दोन महिने पगार लटकवला तर तुमच्या गणितातला घरमालक थांबतो का?" साहेबांनी घड्याळ बघितलं.

आमची खोली उल्हासनगरात, दुसऱ्या मजल्यावर. मालक सिंधी शेठ, खाली त्यांचं कापडाचं दुकान. पप्पा अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत जायचे, कॉन्ट्रॅक्टरच्या गेटपासवर. इतकी वर्षं तिथे राबूनही कंपनीच्या लेखी ते कुणीच नव्हते. आई जीन्सचे धागे कापते. उल्हासनगरात हे काम घराघरांत चालतं. कारखान्यातून गठ्ठा येतो, शिलाईचे लोंबणारे धागे कापून परत जातो. आणि मी अंबरनाथला कामगारांच्या एका छोट्या संघटनेत आहे. पत्रकं लिहिते, छापून आणते, स्टेशनबाहेर उभी राहून वाटते. मानधन मिळतं. त्याला पगार म्हणणं संघटनेलाही जड जातं.

पप्पांना खोकला लागला तो गेलाच नाही. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "त्या वाफेत परत जायचं नाही. गेलात तर मी देतोय ती औषधं गटारात ओतल्यासारखी आहेत." पप्पांनी काम सोडलं. ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही. मधल्या काळात कॉन्ट्रॅक्टर बदलत गेले होते आणि प्रत्येक नव्या कॉन्ट्रॅक्टरच्या कागदावर पप्पा नव्याने कामाला लागलेले होते. तरी घर चाललं. आईचे धागे आणि माझं मानधन यावर चाललं, आणि ते एकाच गोष्टीमुळे: भाडं नव्हतं.

हे ध्यानात ठेवा. भाडं नव्हतं म्हणून पप्पा वाफेपासून लांब राहू शकत होते. पुढचं सगळं यावर उभं आहे.

मग शेजारच्या विंगचा स्लॅब खाली आला. दुपारची वेळ, माणसं कामावर, म्हणून फक्त भांडीकुंडी चेपली. दुसऱ्या दिवशी आमच्याही विंगवर नोटीस चिकटली. इमारत धोकादायक, ताबडतोब रिकामी करा. भाडेकरूंनी ताबडतोब कुठे जायचं याची ओळ त्या नोटिशीत नव्हती. ती कुठल्याच नोटिशीत नसते. घर बांधणाऱ्याला सवलत, घर विकत घेणाऱ्याला सवलत, आणि ज्याला फक्त राहायचंय त्याच्यासाठी धोरण काय, तर गॅसची टाकी घेऊन रस्त्यावर उभं राहा.

शेठनी मात्र डिपॉझिट परत केलं. पूर्ण. त्यांचंही दुकान त्याच इमारतीत होतं, त्यांचाही धंदा बसला होता. आईच्या हातात पैशांची पिशवी ठेवताना ते म्हणाले, "भाभी, ये अमानत था, अमानत वापस. अब इसको इधर-उधर मत घुमाना. जल्दी कोई रूम पकड लो."

आई म्हणाली, "हो शेठ, रूमच बघतोय."

खोटं नव्हतं ते. बदलापूरच्या कुळगावात एका चाळीतली खोली बघून ठेवली होती. मालक तिथलाच, बापजाद्यांच्या जमिनीवर चाळ बांधलेला. त्याचा भाडेकरू उन्हाळ्यात जाणार होता, आणि आमच्याकडे होतं तेवढ्याच डिपॉझिटमध्ये तो आम्हाला खोली द्यायला तयार होता. प्रश्न मधल्या काही महिन्यांचा होता. तेवढ्यापुरता आम्ही अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये, चिखलोलीत फ्लॅट भाड्याने घेतला. चिखलोलीत भाडं त्या मानाने कमी, कारण स्टेशन अजून व्हायचंय. फ्लॅट विकणारे मात्र स्टेशन झाल्यासारखंच बोलतात.

आणि जन्मात पहिल्यांदा आईने महिन्याच्या महिन्याला भाडं दिलं. पहिल्या महिन्यात ती पैसे देऊन आली आणि बराच वेळ पदर हातात धरून बसली. म्हणाली, "दिले आणि गेले. परत यायचेच नाहीत?"

"भाडं असंच असतं, आई."

"लोक देतात कसे?"

तिथे तिसऱ्या मजल्यावर एक काकू राहायच्या. बोलायला गोड, सगळ्यांच्या अडीअडचणीला पहिल्या. पप्पांच्या खोकल्याचा आवाज जिन्यात गेला की आल्याचा काढा घेऊन हजर. मी त्यांना राक्षस करून लिहू शकले असते, पत्रकात तसंच लिहितात. पण त्यांनी स्वतःच्या दोन्ही पाटल्या मोडून त्याच स्कीममध्ये घातल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

संक्रांतीला काकूंचं हळदीकुंकू होतं. आई नवीन साडी नेसून गेली. नव्या बिल्डिंगमधलं पहिलंच बोलावणं. येताना वाण घेऊन आली. स्टीलचा डबा, चांगला जाड, झाकणाला कडी. त्यात तिळगूळ आणि एक गुळगुळीत कार्ड. 'महिलांसाठी मोफत आर्थिक मार्गदर्शन. तज्ज्ञांचे व्याख्यान. अल्पोपाहार.'

मी कार्ड वाचून म्हटलं, "हे काय वाण झालं? डबा त्यांना परत देऊन टाक."

आई माझ्याकडे अशी बघायला लागली जणू मी तिला चप्पल घालून देव्हाऱ्यात जायला सांगितलंय. "वाण परत करतात का गं कधी? सवाष्णीच्या घरचं आहे."

इथेच सगळी ग्यानबाची मेख आहे, आणि ज्याने ही स्कीम आमच्याकडे आणली त्याला ती बरोबर ठाऊक होती. हळदीकुंकवाला बोलावलं की जायचं. दिलं ते घ्यायचं. घेतलं की आपणही कधीतरी बोलवायचं आणि द्यायचं. रथसप्तमीपर्यंत एकीच्या घरून दुसरीच्या घरी ही रांग चालू राहते. त्याला जाहिरात करावी लागली नाही, एजंट नेमावे लागले नाहीत. आमच्या आयांनी शेकडो वर्षं जी वाट तयार ठेवली होती, तिच्यावरून त्याने फक्त आपली गाडी घातली.

व्याख्यानाला मी आईबरोबर गेले. बदलापूर पश्चिमेला, एका शोरूमच्या वरचा हॉल. एसी. प्रत्येक खुर्चीवर पाण्याची बाटली आणि समोशाचं पाकीट. तज्ज्ञ म्हणजे 'सर'. वय माझ्यापेक्षा फार नसेल, कोट, खाली पांढरे बूट, आणि मराठी इतकं छान की ऐकत राहावं.

"ताई, तेलाचा डबा गेल्या दिवाळीला केवढ्याला आणला होता?"

बायकांनी ओरडून उत्तरं दिली.

"आणि आता? आणि मुलांची फी? आणि बँकेतलं व्याज तेवढं वाढलं का?"

"नाही!"

"म्हणजे तुमचा पैसा बँकेत झोपलाय आणि महागाई त्याच्या उशाशी बसून त्याला कुरतडतेय. डिपॉझिटवर खोली घेतलेल्या किती जणी आहात? हात वर करा. ताई, राग मानू नका, तुमचं डिपॉझिट दर वर्षी लहान होतंय. रक्कम तीच, पण तिच्यात खोली मावत नाही."

मला मान हलवावी लागली, कारण माणूस खरं बोलत होता. महागाईबद्दल, ठेवीच्या व्याजाबद्दल, कंत्राटी कामगाराला म्हातारपणी कुणी विचारत नाही याबद्दल. माझ्या पत्रकात आणि त्याच्या भाषणात सुरुवातीला काहीच फरक नव्हता. सरकारने हात वर केलेत, हे दोघंही सांगत होतो. मी पुढे म्हणत होते, संघटित व्हा. तो म्हणत होता, माझ्याकडे द्या. आणि देताना दर महिन्याला ठरलेला परतावा, बाजार वर जावो की खाली.

मी उभी राहिले. "सर, बाजार पडला तरी तुम्ही ठरलेले पैसे देणार. ते कुठून देणार?"

तो हसला. "व्हेरी गुड क्वेश्चन! असा प्रश्न विचारणाऱ्या मुली आपल्याला हव्यात. ताईंसाठी एकदा जोरदार टाळ्या!"

हॉलभर टाळ्या वाजल्या. आईनेही वाजवल्या, डोळे भरून, लेकीचं कौतुक झालं म्हणून. टाळ्या संपल्या तेव्हा माझा प्रश्नही संपलेला होता.

येताना शेअर रिक्षात मी म्हटलं, "आई, हा फ्रॉड आहे."

"तुला सगळंच फ्रॉड वाटतं. परवा तू रेशनवाल्याला फ्रॉड म्हणालीस."

"तो आहेच."

"आहे ना? पण रेशन देतोय ना?"

रिक्षावाला हसला. मी गप्प बसले नाही. चिखलोली येईपर्यंत सांगत राहिले. ज्याला बाजारात पैसा लावायचाय त्याने लावावा, पण त्याची नोंदणी बघावी, आणि नफा ठरवून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परतवून लावावं. मुख्य म्हणजे ज्या पैशाचं काम आणि तारीख ठरलीय तो पैसा हलवायचाच नाही. आपल्या पैशाला उन्हाळ्याची तारीख आहे, आई. त्याचं नाव कुळगावची खोली आहे. आई हं हं करत होती.

नंतर कळलं, तिने आठवड्याच्या आत सगळं डिपॉझिट नेऊन भरलं. सगळं का? कारण सगळं भरलं तर दर महिन्याला येणारी रक्कम बरोबर चिखलोलीच्या भाड्याएवढी होत होती. तिला नफा नकोच होता. 'दिले आणि गेले' हे तिला सोसवत नव्हतं. परत कधी न येणारे पैसे तिला थांबवायचे होते, बस्स.

फेब्रुवारीत पैसे आले. मार्चमध्येही आले. आईने मला मोबाईलवरचा मेसेज दाखवला. मी त्याच आठवड्यात अंबरनाथ स्टेशनबाहेर 'ठरावीक परताव्याच्या आमिषाला बळी पडू नका' असं पत्रक वाटत होते.

पाडव्याच्या सुमारास कुळगावच्या मालकाचा फोन आला. भाडेकरू लवकर जातोय. "वहिनी, अक्षय तृतीयेपर्यंत थांबतो तुमच्यासाठी. नंतर मात्र मना थांबता येनार नाय, दुसरी पार्टी उभी हाय."

आई स्कीमच्या ऑफिसात गेली. मी सोबत. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरमधून मान वर न करता सांगितलं, "मॅडम, लॉक-इन आहे. मुदतीआधी मिळत नाही."

"पण सर म्हणाले होते कधीही काढा."

"काढू शकता ना. तुमच्या जागी दुसरा मेंबर आणा. त्यांची रक्कम तुम्हाला, तुमची जागा त्यांना."

मला हवा तेवढा पुरावा त्या दोन वाक्यांत होता. बाजार नव्हता, शेअर नव्हते, काही नव्हतं. एकीचे पैसे दुसरीला. मी तिथेच आवाज चढवला. आईने माझा दंड धरून मला जिन्याकडे ओढलं.

संध्याकाळी काकू आल्या. काढा नव्हता, पण आवाज तसाच उबदार. "वहिनी, सोप्पं आहे हो. एक हळदीकुंकू घाला. आता चैत्र आहे, चैत्रातलं घाला."

"आमच्यात चैत्रगौर बसवत नाहीत."

"गौर कुठे बसवायला सांगतेय? पन्हं करा, हरभरे भिजवा, बायका बोलवा. मी असेनच. तुम्ही फक्त तुमचा अनुभव सांगायचा. दोन महिने पैसे आले की नाही? आले. तेवढं सांगा. खोटं बोलू नका."

खोटं बोलू नका! असं त्या खरोखर म्हणाल्या.

आणि आमच्या जागी कोण येणार हे काकूंनाही माहीत होतं, आईलाही. आमच्या बिल्डिंगच्या मागच्या चाळीत एक ताई राहते. इथलीच, शेतकरी घरातली, एमआयडीसीत पॅकिंगला जाते. पहिली पाळी संपली की आमच्याकडे येऊन आईबरोबर धागे कापायला बसायची. दोघींची बडबड आणि कात्रीचा आवाज हे आमच्या दुपारचं संगीत. तिच्या माहेरची जमीन विकली गेली तेव्हा भावांनी हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली आणि तिला थोडे पैसे दिले. फसवलंच तिला, पण तिच्या स्वतःच्या नावाचे आयुष्यातले ते पहिले पैसे. "मना पन घालायचं हाय," ती कधीची मागे लागली होती. "तुमाला दर महिन्याला येतान ना, मग मना का नको?"

हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी मी आईशी भांडले. "तू तिला त्यात ढकलणार?"

"मी काही ढकलत नाहीये. ती स्वतः मागतेय."

"तिला माहीत नाही. तुला माहीत आहे."

"मग काय करू? सांग ना. तू एवढी पत्रकं लिहितेस, एखाद्या पत्रकात लिहिलंयस का, अक्षय तृतीयेला मी त्या माणसाला काय देऊ?"

आतल्या खोलीत पप्पा खोकत होते. खोकला थांबला तशी आईही थांबली. तक्रार करता येते, पण तक्रारीने अक्षय तृतीयेच्या आत पैसे येत नाहीत. कायदा आपल्या गतीने चालतो आणि घरमालक त्याच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पलंग भिंतीला लावून सतरंजी अंथरली. पप्पा खाली वॉचमनपाशी जाऊन बसले. बायका आल्या, पंधरावीस तरी. मी कुंकवाची वाटी धरली, आईने हळदीकुंकू लावलं, अत्तर लावलं, पन्हं दिलं, भिजवलेले हरभरे ओंजळीत घातले. वाणाला प्लास्टिकच्या गाळण्या आणल्या होत्या, सगळ्यात स्वस्त. मागच्या चाळीतली ताई दाराजवळ बसली होती. केस चापूनचोपून, गळ्यात एकुलती एक पोत, आणि मांडीवर रुमालात बांधलेलं पुडकं. ती पैसे घेऊनच आली होती.

काकूंनी पन्ह्याचा ग्लास खाली ठेवला. "हं वहिनी, सांगा आता सगळ्यांना तुमचा अनुभव."

आईच्या हातात गाळण्यांची पिशवी होती. तिने ती खाली ठेवली नाही.

"अनुभव असा," ती म्हणाली, "की दोन महिने पैसे आले. खरंच आले. आता मला माझे पैसे परत पाहिजेत, खोली घ्यायचीय, तर ते म्हणतात तुझ्या जागी दुसरी आण. तिचे पैसे तुला देतो." तिने दाराकडे बघितलं. "म्हणजे मला आलेले पैसेपण असेच कुणाचे तरी असणार. कुणाचे ते मला माहीत नाही. तुमच्यापैकीच कुणाचे असतील."

दोघीतिघींनी काकूंकडे बघितलं.

काकू म्हणाल्या, "वहिनी, काय बोलताय हे? मुलीने पढवलं का?"

"मुलीचं मी ऐकलं असतं तर आज पन्हं कशाला केलं असतं?" आई म्हणाली. "ए, तू पुडकं घरी ने. आज काही बोलू नकोस, उठ आणि घरी ने."

ताई उठली नाही. तिने पुडकं पदराखाली घेतलं आणि आईकडे रागाने बघितलं. समोर वाढलेलं ताट कुणीतरी उचलून न्यावं तसं.

बायका एकेक करून निघाल्या. दोघीतिघी निघताना काकूंच्या कानाशी लागल्या होत्या. गाळणी मात्र एकीनेही सोडली नाही. शेवटी काकू गेल्या, त्यांनीही नेली. दारात म्हणाल्या, "आमच्या पोटावर पाय दिलात तुम्ही."

सगळ्या उतरून गेल्यावर पप्पा वर आले. सतरंजीवर सांडलेले हरभरे बघितले.

"झालं?"

"झालं," आई म्हणाली.

"दिलं का कुणी?"

"मीच घेतलं नाही."

पप्पा पलंगाच्या कडेला टेकले. जिना चढून धाप लागली होती, ती बसेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "बरं. उद्या कॉन्ट्रॅक्टरला भेटून येतो."

आईने हरभरे वेचायला सुरुवात केली. मी तिच्या शेजारी बसून वेचू लागले. दोन्ही हातांनी वेचत होतो आम्ही, म्हणजे डोळे पुसायला हात मोकळा नको.

अक्षय तृतीयेला कुळगावची खोली दुसऱ्या पार्टीला गेली. त्याआधीच पप्पा कामाला लागले होते, नव्या पासवर, नव्याने. पाळीच्या रिक्षात मागे तिघं बसतात. पप्पा कडेला बसतात, खोकताना तोंड बाहेर काढता यावं म्हणून.

स्कीम लगेच बुडाली नाही. आईच्या बोलण्यानंतरही श्रावणापर्यंत लोकांना पैसे येत राहिले. फक्त आमचे बंद झाले, 'अपप्रचार केल्याबद्दल'. मग एक दिवस हॉलला कुलूप, नंबर बंद, सर गायब. दुसऱ्या दिवशी आमच्या दारात बायका. मला वाटलं तक्रारीवर सह्या करायला आल्या असतील.

"तुझ्या आईच्या तोंडामुळे झालं हे," एक म्हणाली. "चांगलं चाललं होतं."

"मावशी, ते चालणारच नव्हतं."

"तुमचं बुडालं म्हणून आमचंही बुडवलंत."

सर दोषी नव्हता, आम्ही होतो. सर तर हुशार माणूस, टाळ्या वाजवायला लावणारा. पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला मोजक्या बायका आल्या. बाकीच्यांनी घरी सांगितलंच नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या नाहीत; त्यांच्या पाटल्या गेल्या, काही दिवसांनी त्याही फ्लॅट सोडून गेल्या. आमच्या बिल्डिंगमध्ये ज्यांचा एक पैसा गेला नाही अशा एकच बाई होत्या, तळमजल्यावरच्या, नवरा गेलेल्या. त्यांना हळदीकुंकवाला कुणी बोलावलंच नव्हतं. आपल्याकडे विधवेला वगळायची जी घाण रीत आहे, तिने एकदा कुणाचं भलं केलेलं मी पाहिलं ते असं. त्यानंतर ठिकठिकाणी पुन्हा आर्थिक साक्षरतेची शिबिरं झाली. तिथे तज्ज्ञ सांगतात, लोक लोभी असतात, अज्ञानी असतात. माझी आई लोभी नव्हती. तिला नवऱ्याला वाफेपासून लांब ठेवायचं होतं आणि त्यासाठी या राज्यात एकही सरळ रस्ता नव्हता. हे कुठल्या शिबिरात फळ्यावर लिहितात, मला दाखवा.

यंदाच्या संक्रांतीला आम्हाला कुणाचं बोलावणं नव्हतं. तरी आईने तिळगूळ केला आणि वाणाला छोट्या वाट्या आणल्या. मी म्हटलं, "कुणी यायचं नाही." म्हणाली, "मग पुढच्या वर्षी वाणाचा खर्च वाचला." तळमजल्यावरच्या बाईंना आईने स्वतः जाऊन बोलावलं. त्या म्हणाल्या, "नको हो, लोक तुम्हालाच बोलतील," आणि दार लावून घेतलं.

दुपार कलायला लागली तेव्हा मागच्या चाळीतली ताई आली. एकटीच. त्या चैत्रानंतर धागे कापायला कधी बसली नव्हती. दारात उभी राहिली. चप्पल काढली, पण आत आली नाही.

"खोली मिलाली का तुमाला?"

"नाही गं. तुझे पैसे आहेत ना?"

"हान. बँकेत हान." मग म्हणाली, "मना राग हाय तुमचा. सगल्यांना श्रावनापरत पैसं आलं. मी घातलं असतं तर तेवढं तरी खाल्लं असतं मी."

मी फुटलेच. "ताई, आणि मुद्दल? मुद्दल बुडालं असतं ना तुझं! हिने स्वतःची खोली घालवली तुझ्यासाठी, आणि तू..."

"तू गप," आई मला म्हणाली. आत पप्पा झोपले होते, रात्रपाळी करून आलेले. छातीतली घरघर बाहेरपर्यंत ऐकू येत होती. ताईने ती ऐकली. तिने आतल्या दाराकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"ये आत," आई म्हणाली. "राग असू दे. राग घेऊन बस." आणि मला म्हणाली, "कुंकवाची वाटी आण."